निळं पाणी, तीन बोळे

माझ्या नोकरीबद्दल जेवताना कुणी विचारत नाही. लग्नकार्यात नवी ओळख झाली आणि मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते असं कळलं, की समोरची बाई खुर्ची जवळ ओढते आणि आपलं बीपी सांगायला लागते. मग मी म्हणते, "स्टोमाची सिस्टर हो. पोटावर शौचाची पिशवी लावतात ना, ते काम." की त्या बाईला एकदम लांबचा वाढपी दिसतो. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंना मी हे आधीच सांगितलं. चकली-करंजीच्या दिवसांत तुमच्या वाचकांना हे चालेल का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा हो अक्का, पण जरा सांभाळून." आता काय सांगू! सांभाळून बोलण्यानेच माझ्या हातून जे झालं, तेच मी लिहायला बसले आहे.

आम्ही हैदराबादच्या जामबागेतले. वडील निजामाच्या वेळेपासून सरकारी खात्यात. मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मराठी मुलखात गेला तेव्हा त्यांनाही विचारलं होतं, इकडे राहता की तिकडे जाता. ते राहिले. म्हणून आमच्या घरी मराठी बोलायचं, तेलुगूत भाजी घ्यायची आणि उर्दूत भांडायचं. दवाखान्यात मला ह्याचा फार उपयोग झाला. बाया डॉक्टरांसमोर तोंड उघडत नसत. माझ्या लहानशा खोलीत येऊन, दार लावून, आपापल्या भाषेत सांगत. मी ते डॉक्टरांना सांगायची. एकतीस वर्षं हेच केलं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला गर्व होता.

पेशंट एकेक नमुने असत. सिकंदराबादचे एक रिटायर्ड सुभेदार होते, ते पिशवी घड्याळ लावून बदलत आणि बदलून झाल्यावर मला कडक सलाम ठोकत. एक नामपल्लीचे शेरवानी शिवणारे मास्टर, त्यांनी पिशवीला मखमली खोळ शिवली आणि वर मलाच विचारलं, "सिस्टर, कढाई करूं क्या?" म्हणजे वर भरतकाम करू का. पण आज त्यांचं नाही सांगत. सुलभाचं सांगते.

सुलभा मराठी शाळेत शिक्षिका. सडपातळ, बोलणं हळू, अक्षर मोत्यासारखं. नवरा रेल्वेत. घरी सासू गंगाबाई, बीदरकडच्या शेतकरी घरातली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा की आउटपेशंटच्या गेटवरून बोलली तरी वॉर्डात ऐकू यावं. सुलभाला मोठ्या आतड्याचा अल्सरचा आजार. दिवसाला पंधरा-वीस वेळा रक्ताचे जुलाब. औषधांनी आटोक्यात येईना, तेव्हा आमच्या डॉक्टर सुब्बारावांनी तिचं मोठं आतडं काढलं. मग लहान आतड्याचं टोक दुमडून त्याची एक थैली शिवली आणि ती खाली, शौचाच्या जागेला जोडली. ह्याला पाउच म्हणतात. जखम भरेपर्यंत पोटावर तात्पुरती पिशवी, आणि नंतर ती बंद. पेशंट पुन्हा चारचौघांसारखा संडासात बसतो. सुब्बारावांचा हात असा होता की मी बाकीच्यांची ऑपरेशनं बघायचं सोडून दिलं होतं.

पण बाईच्या शरीरात एक अडचण असते. पाउच आणि तिची पुढची जागा, मूल येतं ती, ह्यांच्या मधे अगदी पातळ पडदा असतो. टाका कुठे सुटला, आत पू झाला, तर त्या पडद्याला बारीक भोक पडतं. इंग्रजीत फिश्च्युला म्हणतात, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया नासूर म्हणतात. मग वारा पुढून सरतो. पातळ शौचही येतं. बाईच्या हातात काही राहत नाही. धुतलं तरी तेच, लंगोट बांधला तरी तेच. हे कुणाला कसं सांगायचं ते तिला कळत नाही.

पिशवी बंद करून चारेक महिने झाले असतील, सुलभा माझ्या खोलीत आली. दार लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सिस्टर, पुढून वारा जातो. आणि कधी कधी... घाणही येते. वर्गात फळ्याकडे वळले की मला वाटतं, मुलींना वास येत असेल."

मी म्हटलं, "घाबरू नकोस, आत्ता सरांना दाखवू."

तिला घेऊन डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले. आणि बघते तर मागून गंगाबाई आलेल्या, पदर खोचून उभ्या. टेबलाभोवती शिकाऊ डॉक्टरांची चार पोरं. सुब्बारावांनी मान वर न करता विचारलं, "एमिटम्मा?" म्हणजे काय गं बाई, काय होतंय? सुलभाने माझ्याकडे बघितलं. मी सासूकडे बघितलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अंगावरून जातंय, सर."

झालं. बायकांचं नेहमीचं दुखणं. एका पोराने ते कागदावर लिहिलं आणि तिला बायकांच्या विभागात पाठवून दिलं. मी मनात म्हटलं, सासूसमोर कशाला पोरीची अब्रू काढा, दुपारी सरांना एकट्याला गाठून खरं सांगते.

दुपारी सर मीटिंगला गेले.

राज्याचे दोन तुकडे व्हायचे होते ना, ते दिवस. कधी ह्यांचा बंद, कधी त्यांचा. दवाखान्यात रोज नवी यादी लागायची, कोण इकडचा, कोण तिकडचा. चौथीपासून दहावीपर्यंत कुठे शिकलात त्याचे दाखले आणा म्हणाले. मी जामबागेतल्या मराठी शाळेचा दाखला नेला, तर क्लार्क म्हणतो, "अम्मा, हे आम्हाला वाचता येत नाही, तुम्ही तिसऱ्याच राज्याच्या दिसता." त्याचं तेलुगू भाषांतर करून आणण्यात माझे दोन दिवस गेले. जेवणाच्या खोलीत वीस वर्षं एका डब्यात जेवलेल्या सिस्टर दोन टेबलांवर बसायला लागल्या. मी कुठे बसू ते मला कळेना, म्हणून मी माझ्या खोलीतच जेवायची. पिशव्यांच्या मागणीवर सही कुणी करायची हे ठरेना, म्हणून पिशव्या संपल्या, आणि आम्ही दुधाच्या धुतलेल्या पिशव्या चिकटपट्टीने लावल्या. त्या गोंधळात सुलभाचं राहून गेलं. मी स्वतःची समजूत घातली, की बायकांच्या विभागात तपासतील, त्यांना दिसेलच.

त्यांना दिसलं नाही. भोक बारीक, आणि सुलभाने त्यांनाही सांगितलं नाही. गोळ्या आत ठेवायला दिल्या. पाच महिने ती गोळ्या ठेवत राहिली.

पाच महिन्यांनी गंगाबाई तिला रिक्षात घालून घेऊन आल्या. शाळेत प्रार्थनेला उभी असताना पडली होती. हाताला धरलं तर नुसती हाडं. खोलीत नेऊन विचारलं, तर म्हणाली, "शाळा असते त्या दिवशी काही खात नाही. खाल्लं नाही तर येत नाही." मी तशीच सरांकडे गेले आणि सांगितलं, "सर, हिला पुढून वारा जातो म्हणते." म्हणते! जणू आजच म्हणाली. माझी चूक मी तिथेही गिळली, हे लिहितानाही कान गरम होतात.

भूल देऊन तपासलं. भोक होतंच, शेजारी पूही साठलेला. सुब्बाराव सहसा चिडत नाहीत. त्या दिवशी हातमोजे काढून एवढंच म्हणाले, "लवकर यायला हवं होतं."

ह्याच्या दुरुस्तीला लोकांना वाटतं दोन टाके पुरतात. छे हो! आधी पोटावर पुन्हा पिशवी करायची, म्हणजे खालची जागा कोरडी राहते. भोकातून सैल दोरा ओवून ठेवायचा, पू निथळून जाऊ द्यायचा. तीन-चार महिने नुसती वाट बघायची. मग आतल्या अस्तराचा एक तुकडा ओढून भोकावर पांघरायचा. सगळं नीट झालं तरी ते धरेलच असं नाही. सरांनी सुलभाला तिच्या नवऱ्यासमोर स्वच्छ सांगितलं, की दोनदा प्रयत्न करू. नाहीच जमलं तर पाउच काढून टाकावा लागेल आणि पोटावरची पिशवी जन्मभर राहील. ती नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

धरलंय की नाही हे बघायची आमची रीत साधी. पाउचमधे रबरी नळीने निळं औषधी पाणी सोडायचं. त्याआधी पुढच्या जागेत कापसाचे तीन बोळे ठेवायचे, एक खाली, एक मधे, एक वर, प्रत्येकाला दोरा. अर्धा तास बाईला व्हरांड्यात चालायला लावायचं. मग बोळे काढायचे. कुठला निळा, त्यावरून भोक कुठे ते कळतं. कोरे निघाले तर जिंकलो. बोळे मीच वळायची, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

पहिल्या दुरुस्तीनंतर खालचा बोळा निळा निघाला. सुलभाने तो बघितला. मग परकराची नाडी बांधायला घेतली. ती गाठ तिला जमेना, ती मी बांधली.

त्या रात्री मला झोप नाही. पाच महिने पू साठला नसता, तर पहिलीच दुरुस्ती धरली असती का? एकदा भीत भीत सरांना मोघम विचारलं, उशिराने काही फरक पडतो का म्हणून. ते म्हणाले, "पडतही असेल. नसेलही. लवकर आलेल्यांचंही फसतं, सिस्टर." ह्या उत्तराचं काय करायचं ते मला आजतागायत समजलेलं नाही. फासावर द्या नाहीतर सोडून द्या, पण असं अधांतरी लटकवू नका!

दुसऱ्या वेळी मांडीतला एक लांबट स्नायू मोकळा करून, कातडीखालून फिरवून, त्या दोन जागांच्या मधे आणून बसवला. ह्या स्नायूवाचून मांडीचं फारसं अडत नाही. सात तास सर उभे होते. आणि ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात यादी लागली, सुब्बाराव तिकडच्या राज्यात. माझं नाव इकडे. मराठी शाळेच्या दाखल्याने मला हैदराबादेत ठेवलं आणि ज्यांच्या टेबलाशी मी एवढी वर्षं उभी राहिले ते चालले. कुणावर चिडावं ते कळेना. मी क्लार्कवर चिडले. तो बिचारा म्हणाला, "अम्मा, माझी बायकोपण तिकडे लागली."

टेस्टला अजून तीन महिने वेळ होता. सर म्हणाले, जायच्या आधी मी स्वतः निळ्या पाण्याची टेस्ट करून जाईन. पण त्यांना मोकळं करायची ऑर्डर आज येते, उद्या येते असं चाललेलं. सुलभा रोज फोन करायची, "सर आहेत ना अजून?" मी म्हणायची, "आहेत गं." शेवटी ऑर्डर आली, आणि तीत जो दिवस होता त्याच दिवशी सकाळी सरांनी तिला बोलावलं.

मी बोळे वळले. पाणी सोडलं आणि सुलभाला व्हरांड्यात चालायला सांगितलं. एका बाजूने गंगाबाई, एका बाजूने मी. त्या दिवशी व्हरांडा अर्धा मोकळा होता, कारण कपाटं दोन राज्यांत वाटून गेली होती आणि भिंतीवर त्यांचे पांढुरके चौकोन उरले होते. चार फेऱ्या झाल्या. मला राहवेना. आत्ता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं झालं.

मी थांबले. म्हटलं, "सुलभा, एक सांगायचंय. त्या पहिल्या दिवशी तू मला खरं सांगितलं होतंस. मी सरांना दुसरंच सांगितलं. ह्या मागे उभ्या होत्या ना, ह्यांच्यासमोर तुझी लाज नको जायला म्हणून. तुझे पाच महिने माझ्यामुळे गेले."

सुलभा चालायची थांबली नाही. दोन पावलं पुढे जाऊन म्हणाली, "मला माहीत आहे, अक्का. कागद माझ्याच हातात दिला होता की. मी वाचला. वाचून मला बरं वाटलं. वाटलं, असं लिहिलंय तर असंच असेल. असंच असू दे, देवा. म्हणून तिकडेही बोलले नाही." तोपर्यंत ती मला सिस्टर म्हणायची. अक्का त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली.

तेवढ्यात गंगाबाई बोलल्या. त्यांचा तो आवाज, पण एकदम खाली आलेला.

"सिस्टरबाई, आमच्या घरी धुणं कोन धुतं?"

उत्तराला त्या थांबल्या नाहीत.

"मी धुते. चाळीस वर्षं गुरंढोरं, लेकरंबाळं काढली म्या. मला समजंना व्हय, पुढून काय येतंय ते? पहिल्या आठवड्यातच समजलं. पर सून सांगंना. म्हटलं, लाजतीया, दवाखान्यात तरी सांगंल. म्हनून तर तिच्या मागं आले त्या दिवशी. तर तुम्हीच म्हनालात, अंगावरून जातंय. मला वाटलं, मोठ्या दवाखान्याच्या सिस्टर हायेत, पोरीला चारचौघांत झाकतायत, आत डॉक्टरला बराबर सांगतील. मग मी कशाला तोंड उघडू? म्हनून मी बी गप."

सुलभाने तेव्हा पहिल्यांदा सासूकडे नीट बघितलं. "आई, तुम्हाला माहीत होतं? मी ते कपडे लपवून ठेवायची."

"लपवायचीस ते मीच काढून धुवायची, अन् पुन्हा तिथंच ठिवायची. तुला काय वाटलं, ते आपोआप साफ होत हुते?"

आणि ती पोरगी, अर्धा तास व्हायच्या आधीच, व्हरांड्यात मधोमध उभी राहून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी ओरडले, "अगं हसू नकोस, बोळे सरकतील!" मग गंगाबाईही हसल्या. मला मात्र हसू येईना. म्हणजे बघा, आम्ही तिघी एकाच गोष्टीवर तीन पांघरुणं घालून बसलो होतो. ज्या सासूच्या भीतीने मी खोटं बोलले, ती खरं ऐकायलाच आली होती!

आत नेलं. सरांनी एकेक दोरा ओढला. खालचा कोरा. मधला कोरा. वरचा काढताना मी खिडकीकडे बघत होते. सर म्हणाले, "सिस्टर, इकडे बघा की." तोही कोरा होता.

सुलभा बाहेर गेल्यावर सर नव्या डॉक्टरांसाठी केसची हकीकत लिहायला बसले. पिशवी बंद करायचं काम आता त्यांच्याकडे. मी म्हटलं, "सर, तिथे पाच महिने बायकांच्या विभागात गेले, ते माझ्यामुळे, असं लिहा." आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "पाउच झालेली बाई अंगावरून जातंय म्हणते, तर मी तपासायला नको होतं? माझ्या मनात आलंच होतं. पण खोलीत चार मुलगे, ती बाई रडवेली, बाहेर साठ पेशंट. म्हटलं, सिस्टर सांगतात तर असेल." त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. संध्याकाळी आम्ही त्यांना नामपल्लीच्या स्टेशनवर पोचवलं. दोन्ही टेबलांवरच्या सिस्टर आल्या होत्या.

नव्या डॉक्टरांनी महिन्याने पिशवी बंद केली. त्यानंतरच्या पहिल्या तपासणीला सुलभा आली तेव्हा आउटपेशंटमधे मुंगीला शिरायला जागा नव्हती. नवे डॉक्टर तरुण, कागदावरच नजर. त्यांनी विचारलं, "हां, क्या तकलीफ?" भोवती शिकाऊ पोरं, मागे रांग. सवयीने मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात चांगलं झाकलेलं एक वाक्य तयारही होतं.

गंगाबाईंनी मला हाताने मागे सारलं. टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि गेटपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हमारी बहू को सामने से हवा जाती थी. पाखाना बी आता था. पाँच महिने हम सब चुप बैठे. अब कुछ नै आता. लिखो."

सुलभा मान खाली घालून उभी असेल म्हणून मी बघितलं, तर ती सरळ डॉक्टरांकडे बघत होती. त्या तरुण डॉक्टरांनी पेन उचललं, पण काय लिहावं ते त्यांना कळेना, आणि त्यांनी आधाराला माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "त्या म्हणतायत तेच लिहा."